कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वादात सर्व पक्ष सही करतील असे एक तरी कलम आहे का?

वाटसरू_सातारा (धागाकर्ता)

कृत्रिम बुद्धिमत्तेवरील वाद वाचताना एक गोष्ट मला सतत खटकते. परस्परांशी भांडणारी ही माणसे एकमेकांना अनोळखी नाहीत. संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानले जाणारे २०१८ चे ट्युरिंग पारितोषिक जेफ्री हिंटन, योशुआ बेंजिओ आणि यान लकून या तिघांना एकत्र मिळाले. मे २०२३ मध्ये त्यांपैकी पहिल्या दोघांनी एका वाक्याच्या निवेदनावर सही केली, ज्याचा आशय असा होता की या तंत्रज्ञानामुळे मानवजात नष्ट होण्याचा धोका महासाथी आणि अणुयुद्ध यांच्याइतक्याच गांभीर्याने घेतला पाहिजे. लकून यांनी मात्र ही भीती वेळोवेळी अवाजवी ठरवली आहे. टिमनिट गेब्रू, एमिली बेंडर यांच्यासारख्या संशोधकांचे म्हणणे तिसरेच आहे. उद्याच्या प्रलयाच्या चर्चेत आजचे नुकसान, म्हणजे पक्षपाती यंत्रणा, चेहरा ओळखण्यातील चुका आणि परवानगीवाचून वापरलेले लोकांचे लेखन, झाकले जाते असे त्यांना वाटते. एप्रिल २०२५ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातील अरविंद नारायणन आणि सायश कपूर यांनी हे विजेसारखेच एक सामान्य तंत्रज्ञान असून ते समाजात मुरायला काही दशके लागतील, अशी भूमिका मांडली. त्याच महिन्यात चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय या कंपनीतून बाहेर पडलेले डॅनियल कोकोटायलो आणि त्यांचे सहकारी यांनी काही वर्षांतच माणसाहून वरचढ यंत्रणा येऊ शकेल असे भाकीत प्रसिद्ध केले.

भाकितांवर यांचे एकमत होणार नाही, हे मी गृहीत धरतो. माझा प्रश्न त्याहून लहान आहे. या सर्व गटांतील माणसे एकाच कागदावर सही करतील असे एखादे ठोस कलम आपल्याला लिहिता येईल का? ‘तंत्रज्ञान मानवाच्या हिताचे असावे’ अशा धर्तीची वाक्ये कृपया सुचवू नयेत. त्यांवर सही करायला कोणाचीच हरकत नसते आणि म्हणूनच त्यांचा कोणाला उपयोगही नसतो.

तर्कट

एका मुद्द्यावर एकमत आधीपासूनच आहे. उरलेले सगळे गट घातक भ्रमात आहेत, याविषयी प्रत्येक गटाची खात्री आहे.

सॅन_होजेकर

मी कॅलिफोर्नियात याच क्षेत्रात नोकरी करतो, त्यामुळे इथे घडलेला एक प्रकार जवळून पाहता आला. २०२४ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने एसबी १०४७ हे विधेयक मंजूर केले. अतिप्रचंड मॉडेल, म्हणजे चॅटजीपीटीसारख्या सेवांमागची प्रशिक्षित प्रणाली, तयार करणाऱ्या कंपन्यांनी सुरक्षेची काळजी घेतली नाही आणि त्यातून मोठी हानी झाली, तर त्यांना जबाबदार धरता यावे असा त्याचा रोख होता. हिंटन आणि बेंजिओ त्याच्या बाजूने होते, तर स्टॅनफर्डच्या फेइ-फेइ ली विरोधात होत्या. गव्हर्नर न्यूसम यांनी २९ सप्टेंबर २०२४ रोजी ते नाकारले, परंतु विषय तिथेच न सोडता ली यांच्यासह तिघांच्या नेतृत्वाखाली एक अभ्यासगट नेमला. त्या गटाचा अहवाल जून २०२५ मध्ये आला आणि बरोबर एका वर्षाने, २९ सप्टेंबर २०२५ रोजी, एसबी ५३ या कायद्यावर न्यूसम यांनी सही केली.

या दोहोंतील फरक मला महत्त्वाचा वाटतो. पहिला मसुदा कंपनीच्या वागण्याची जबाबदारी तिच्या गळ्यात बांधू पाहत होता. दुसरा कायदा तिला आपली सुरक्षेची पद्धत जाहीर करायला लावतो, गंभीर घटना घडली तर राज्याच्या आपत्कालीन सेवा कार्यालयाला पंधरा दिवसांत कळवायला सांगतो आणि आतल्या धोक्याची माहिती देणाऱ्या कर्मचाऱ्याला संरक्षण देतो. ज्याला प्रलय येणार असे वाटते त्याला ही माहिती हवी आहे, आणि ज्याला हा सगळा बागुलबुवा वाटतो त्यालाही ती हवी आहे, कारण तिच्यावाचून बागुलबुवा सिद्ध कसा करणार? म्हणून माझ्या मते धागाकर्त्यांना हवे असलेले कलम ‘घडलेली गंभीर घटना लपवता येणार नाही’ हे आहे.

शंकासुर

सॅन_होजेकर यांनी दंडाची रक्कम सांगितली असती तर चित्र पूर्ण झाले असते. त्या कायद्यातील कडक तरतुदी वर्षाला ५० कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न असलेल्या कंपन्यांना लागू होतात आणि एका उल्लंघनाला जास्तीत जास्त दंड १० लाख डॉलर आहे. मला या प्रकारच्या सहमतीविषयीच शंका आहे. ज्या कलमाने कोणाच्याच खिशाला चाट बसत नाही त्यावर एकमत होते, आणि आपण त्याला सुज्ञपणा म्हणतो. जिथे खरा तोटा सोसायचा असतो, उदाहरणार्थ यंत्राच्या प्रशिक्षणासाठी वापरलेल्या लेखनाचा मोबदला देणे, तिथे लगेच न्यायालये गाठली जातात. एएनआय या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला तो याच कारणासाठी.

क्ष_किरण

मी नाशिकला रेडिओलॉजिस्ट आहे. आमच्या शाखेवर या वादाचा प्रयोग इतरांच्या आधी झाला असल्यामुळे लिहितो. २०१६ मध्ये हिंटन यांनी रेडिओलॉजिस्ट तयार करणे आता थांबवावे, पाच वर्षांत, फार तर दहा वर्षांत यंत्र त्यांच्याहून चांगले काम करील असे म्हटले होते. ती मुदत उलटत आली, यंत्रे खरोखरच सुधारली, आणि तरीही जिल्हा रुग्णालयांत फिल्म वाचायला माणूस मिळत नाही ही स्थिती जशीच्या तशी आहे. चित्र ओळखणे हा आमच्या कामाचा एक भाग आहे. रुग्णाला आधी काय झाले होते हे विचारणे, शल्यविशारदाशी बोलणे आणि निदानाखाली सही करून त्याची जबाबदारी घेणे हे उरलेले भाग आहेत.

दुसरी बाजूही सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पंधरा वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या छातीच्या एक्स-रेवरून क्षयरोगाची चाळणी करण्यासाठी संगणकीय वाचनाची शिफारस केली. मला ती योग्य वाटते. आमच्या जिल्ह्यातील पेठ किंवा सुरगाणा तालुक्याच्या एखाद्या शिबिरात रेडिओलॉजिस्ट नसतोच, तिथे यंत्राची तुलना माझ्याशी करण्यात अर्थ नाही. शिवाय चाळणीत संशयित निघालेल्या माणसाची थुंकी पुढे तपासली जाते, म्हणजे यंत्राचे म्हणणे शेवटचे नसते. माझ्या पाहण्यात डॉक्टरांमध्ये या तंत्रज्ञानाचे भक्त आहेत आणि कट्टर विरोधकही आहेत, परंतु ‘यंत्राच्या निष्कर्षानंतर दुसरी तपासणी असलीच पाहिजे’ यावर मी त्यांना भांडताना पाहिलेले नाही.

खतावणी

मी राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालो आहे आणि संघटनेचे कामही केले आहे. इथल्या तरुण सभासदांना कदाचित ठाऊक नसेल, पण हा वाद आपल्याकडे एकदा पुरता लढला गेला आहे, आणि त्याचा शेवट लेखी करारात झाला होता.

त्या काळी बचत खात्यांचे व्याज जून आणि डिसेंबरअखेर हाताने काढले जाई आणि लेजर जुळेपर्यंत रात्री उशिरापर्यंत शाखेचे दिवे जळत. यंत्र आले तर हा त्रास जाईल हे आम्हालाही दिसत होते. तरीही विरोध होता, आणि तो अडाणीपणातून आलेला नव्हता. त्रास जाईल तेव्हा त्रास काढणारा माणूसही जाईल का, एवढाच आमचा प्रश्न होता. १९८३ मध्ये इंडियन बँक्स असोसिएशन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला. यंत्रे कुठे आणि किती बसवायची, त्यापायी कोणालाही कामावरून काढायचे नाही, आणि यंत्रावर बसणाऱ्याला विशेष भत्ता द्यायचा, असे मुद्दे त्यात लिहिले गेले. पुढच्या वर्षी रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांच्या समितीचा अहवाल आला आणि शाखांमध्ये लेजरच्या नोंदी करणारे ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन, म्हणजे आमच्या भाषेत ‘एएलपीएम’, दिसू लागले. १९८७ मध्ये कराराची व्याप्ती वाढली.

या सगळ्यात एकदाही व्यवस्थापन आणि आम्ही भविष्याविषयी सहमत झालो नव्हतो. ते म्हणत की कामकाज वाढेल आणि नोकऱ्याही वाढतील, आम्ही म्हणत होतो की नोकरभरती बंद होईल. करार झाला तो दुसऱ्या दिवशी सकाळी शाखेत कोण काय करणार याचा. आणि तो झाला याचे कारण आम्ही एकत्र बसलो तर काउंटर बंद राहील, हे समोरच्याला माहीत होते. समन्वयाची भूमी, सामायिक मूल्ये वगैरे शब्द मी वाचतो तेव्हा मला नेहमी असे वाटते की सहमती बळ असलेल्या दोन पक्षांत होते. एका पक्षाकडे बळच नसेल तर तिला सूचना म्हणतात.

अनुवादिनी

खतावणी काका, आपला प्रतिसाद दोनदा वाचला. मी इंग्रजीतून मराठीत व्यावसायिक अनुवाद करते. माझ्या क्षेत्रात यंत्र माणसाची जागा घेईल का, ही चर्चा कधीच मागे पडली आहे. आता एजन्सी यंत्राने केलेला मजकूर पाठवते आणि त्याला ‘तपासणी’ असे नाव देऊन पूर्वीच्या दरापेक्षा कितीतरी कमी दर देते. पुष्कळदा तो मजकूर पुसून नव्याने लिहिण्याला कमी वेळ लागला असता. आम्ही सगळे घरून काम करतो, एकमेकांना ओळखत नाही, आणि मी नकार दिला तर तेच काम संध्याकाळपर्यंत दुसऱ्या कोणाकडे गेलेले असते. आमचे काउंटर कुठे आहे, जे आम्ही बंद करू?

ज्यांच्याकडे ते होते त्यांना काय मिळाले हेही सांगण्यासारखे आहे. अमेरिकेतील पटकथालेखकांचा संप २ मे २०२३ पासून १४८ दिवस चालला. त्यानंतरच्या करारात लेखकाला एआय वापरण्याची सक्ती कंपनीला करता येणार नाही, आणि यंत्राने लिहिलेला मजकूर मूळ साहित्य मानून लेखकाचे श्रेय वा मानधन कमी करता येणार नाही, असे ठरले. त्या लेखकांमध्येही हे तंत्रज्ञान आवडणारे आणि न आवडणारे असे दोन्ही प्रकारचे लोक होते. त्यांना मत बदलावे लागले नाही.

शंकासुर

खतावणी यांना एक विचारतो. २०००-०१ मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आणि सुमारे एक लाख लोक बाहेर पडले. मग १९८३ च्या करारातील ‘कोणालाही काढायचे नाही’ या कलमाने शेवटी काय साधले?

खतावणी

सतरा वर्षे साधली. त्या अवधीत माणसे शिकली, मुलांची शिक्षणे झाली, आणि जे गेले ते हातात पैसे घेऊन गेले. याला आपण कमी म्हणत असाल तर म्हणा.

अणुरेणू

मी प्रलयवाद्यांच्या गटात मोडतो, म्हणून त्या बाजूचे काही मांडतो. आमच्याविषयी असा समज आहे की आम्हाला यंत्रमानवांच्या बंडाची भीती वाटते. प्रत्यक्षातली चिंता पुष्कळ नीरस आहे. या यंत्रणा कशा शिकतात हे आपल्याला माहीत आहे, पण एखादे उत्तर त्यांनी नेमके का दिले हे त्यांच्या निर्मात्यांनाही खात्रीने सांगता येत नाही, आणि अशा यंत्रणेला परत फिरवता न येणारे निर्णय सोपवण्याची स्पर्धा सुरू झाली आहे. बेंजिओ यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला आंतरराष्ट्रीय सुरक्षा अहवाल जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. तो बनवण्यासाठी तीस देशांनी प्रतिनिधी दिले होते आणि भारत त्यांत होता. तज्ज्ञांचे एकमत कुठे नाही हे त्यात मोकळेपणाने लिहिले आहे, हा मला त्याचा मोठा गुण वाटतो.

क्ष_किरण यांनी सांगितलेली दुसरी तपासणी मला पूर्ण मान्य आहे, आणि माझ्या मते नारायणन यांच्यासारख्यांनाही ती मान्य असावी, कारण माणसाचे नियंत्रण टिकवणे यावर त्यांच्याही लेखनाचा भर आहे. परंतु एका ठिकाणी हा मेळ बसत नाही, तेही इथे नोंदवले पाहिजे. मॉडेल सर्वांना उतरवून घेता येतील असे खुले ठेवावे की नाही, यावर तडजोड दिसत नाही. एक बाजू म्हणते की खुलेपणाशिवाय मूठभर कंपन्यांची मक्तेदारी होईल. दुसरी म्हणते की एकदा जगभर पसरलेली फाइल कोणालाही परत घेता येत नाही. मी दुसऱ्या बाजूचा आहे आणि या मुद्द्यावर मी सही करणार नाही.

तर्कट

सह्यांवरून आठवले. ऑक्टोबर २०२५ मध्ये अतिबुद्धिमान यंत्रणांच्या निर्मितीवर बंदी मागणारे एक निवेदन निघाले. त्यावर हिंटन आणि बेंजिओ आहेत, ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्निॲक आहेत, ट्रम्प यांचे एकेकाळचे सल्लागार स्टीव्ह बॅनन आहेत आणि ब्रिटनचे राजपुत्र हॅरी आहेत. एवढी माणसे एका मांडवात जमवणे आपल्याकडे फक्त लग्नातल्या पंगतीला जमते, आणि तिथेही निम्मे रुसलेले असतात.

सॅन_होजेकर

मांडवाचा विषय निघालाच आहे, तर १ जुलै २०२५ चे अमेरिकी सिनेटमधील मतदानही आठवावे. राज्यांना दहा वर्षे एआयविषयक नियम करू देऊ नयेत अशी तरतूद एका मोठ्या विधेयकात घुसवण्यात आली होती. ती वगळण्याच्या बाजूने ९९ मते पडली आणि विरोधात एक. कोणाला मुलांची काळजी होती, कोणाला गायकांच्या आवाजाची, कोणाला राज्यांच्या अधिकारांची. कारणे निरनिराळी असूनही बोटे एकाच बटणावर पडली.

वकिली_बाणा

आतापर्यंतची सर्व चर्चा कंपन्यांभोवती फिरते आहे. माझ्या मते धागाकर्त्यांचे कलम शोधण्याची योग्य जागा सरकारी कार्यालय ही आहे.

नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्यातील फसवणूक शोधण्याच्या मोहिमेत, ज्यात जोखीम ठरवणारी संगणकीय प्रणालीही वापरली गेली, हजारो कुटुंबांना चोर ठरवून कर्जबाजारी केले गेले. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या सरकारला राजीनामा द्यावा लागला. ऑस्ट्रेलियातील ‘रोबोडेट’ प्रकरणात तर बुद्धिमत्ता म्हणावे असे काहीच नव्हते. वर्षाच्या उत्पन्नाला पंधरवड्यांनी भागून सरासरी काढायची आणि त्यावरून गरिबांना वसुलीच्या नोटिसा पाठवायच्या, एवढेच ते गणित होते. तरीही चौकशी आयोगापर्यंत जावे लागले. आपल्याकडे तेलंगणात ‘समग्र वेदिका’ ही यंत्रणा निरनिराळ्या खात्यांच्या नोंदी जोडून लाभार्थ्यांची छाननी करते. नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याच्या नावावरची मोटार आपल्या नावावर दिसून रेशन बंद झाल्याची प्रकरणे पत्रकारांनी उजेडात आणली आहेत.

या तिन्ही ठिकाणी यंत्र किती हुशार होते हा प्रश्न गौण आहे. नागरिकाला कारण कळले नाही आणि दाद मागायला समोर माणूस नव्हता, हे तिन्हीकडे समान आहे. म्हणून ‘एआय म्हणजे काय’ या व्याख्येत न शिरताही कलम लिहिता येते. किंबहुना त्याचा अर्धा भाग आपल्या कायद्यात आधीच आहे. माहिती अधिकार अधिनियम २००५ च्या कलम ४(१)(घ) नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या प्रशासकीय वा अर्धन्यायिक निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला दिली पाहिजेत. निर्णय कारकुनाने घेतला की संगणकाने, असा भेद त्यात नाही. ‘सिस्टिमने रिजेक्ट केले’ हे कारण होऊ शकत नाही.

मळेकर_अकलूज

आमच्याकडे उसाला पाणी कधी द्यायचे हे मोबाइलवर सांगणाऱ्या योजना आल्या आहेत. बारामतीच्या प्रयोगाचे नाव सर्वांनी ऐकलेच असेल, आणि मी त्याच्या विरोधात नाही. मात्र दुकानदाराने चुकीचे बियाणे दिले तर निदान ग्राहक आयोगात जाता येते. मोबाइलचा सल्ला चुकला आणि फड बसला, तर कोणाच्या दारात जायचे हे मला कोणी सांगितलेले नाही. वरच्या सर्व विद्वानांनी सही करण्यापूर्वी एवढे लिहावे.

अणुरेणू

मळेकरांचा मुद्दा आणि एसबी १०४७ चा मूळ मुद्दा एकच आहे, हे इथे लक्षात यावे. नुकसान झाले तर उत्तरदायी कोण, हाच त्या विधेयकाचाही गाभा होता, आणि ते नाकारले गेले.

शंकासुर

तेच तर मी म्हणत होतो. माहिती जाहीर करण्यावर सही होते, भरपाईवर होत नाही.

वाटसरू_सातारा

सर्वांचे प्रतिसाद समोर ठेवून एक मसुदा लिहून पाहतो : ‘ज्या निर्णयामुळे एखाद्या व्यक्तीचे धान्य, निवृत्तिवेतन, उपचार, नोकरी किंवा स्वातंत्र्य यांवर परिणाम होतो, तो निर्णय यंत्राच्या साहाय्याने घेतला असल्यास त्या व्यक्तीला तसे सांगितले जाईल, कारण लेखी दिले जाईल, आणि निर्णय फिरवण्याचा अधिकार असलेला, नावानिशी नेमलेला माणूस तिला भेटेल.’ भरपाईचा मुद्दा मी मुद्दाम बाहेर ठेवला आहे, कारण त्यावर याच धाग्यात एकमत दिसत नाही.

क्ष_किरण

‘निर्णय फिरवण्याचा अधिकार असलेला’ हे शब्द काढू नका. नाहीतर खिडकीत बसवलेला माणूस फक्त पडद्यावरचे वाचून दाखवील.

अनुवादिनी

मसुदा चांगला आहे आणि मी त्यावर सही करीन. त्याने माझ्या दरात काही फरक पडणार नाही, हेही नोंदवते. काका, संघटना बांधण्याविषयी आपल्याशी वेगळे बोलायचे आहे. व्यक्तिगत निरोप पाठवला आहे.

खतावणी

निरोप मिळाला. रविवारी सकाळी बोलू. तोवर आपल्या ओळखीच्या अनुवादकांना गेल्या वर्षीचे आणि यंदाचे दर एका कागदावर लिहून ठेवायला सांगा. आमच्याकडेही सुरुवात तिथूनच झाली होती.

वकिली_बाणा

मसुदा कोणा राष्ट्रसंघाकडे पाठवण्याची गरज नाही. आपल्या तालुक्यात रेशन किंवा निराधार योजनेच्या यादीतून नावे वगळली गेली असतील, तर ती कोणत्या संगणकीय निकषावर वगळली आणि तो निकष ठरवणारा अधिकारी कोण, एवढे माहिती अधिकारात विचारता येते. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्जात एकच विषय लागतो आणि शब्दमर्यादा १५० आहे, त्यामुळे वाटसरू यांना थोडी काटछाट करावी लागेल.

मळेकर_अकलूज

आमच्या गावातून दोन म्हाताऱ्यांची नावे गेली आहेत. अर्ज लिहून इथे टाका. दहा रुपयांचा स्टॅम्प लावून सोमवारी तहसीलला मी देतो.